लग्न लावतं कोण: आत्या, भटजी की साहेब?

तुळशीचं लग्न लागलं की या सदराचा मेलबॉक्स फुगतो, दरवर्षीचंच आहे. हॉल बुक झालेला असतो, केटररला ॲडव्हान्स गेलेला असतो, मेंदीवालीची तारीख पक्की असते आणि मग कुणाला तरी रात्री दीड वाजता आठवतं की अरे, ते कायद्याचं काय ते बघायला पाहिजे ना. मग मेल येतो, त्यात सगळं एका दमात लिहिलेलं, फुलस्टॉप नाही काही नाही. मला आवडतं ते, माझी उत्तरंही तशीच असतात. नावं छापत नाही, राहण्याचं ठिकाण तेवढं ठेवलंय.

"ताई नमस्कार, फेब्रुवारीत माझं लग्न आहे, दोघंही मराठी, दोघंही हिंदू, घरच्यांची संमती आहे, तसं टेन्शन काही नाही. पण आम्हा दोघांना वाटतं की लग्न माझ्या आत्याने लावावं. ती शाळेत संस्कृत शिकवायची, मंत्र पाठ आहेत आणि अर्थ पण सांगते. बाबा म्हणतात भटजी नसलेल्या माणसाने लावलेलं लग्न कोर्टात टिकणार नाही. अमेरिकेतला चुलत भाऊ म्हणतो तिकडे त्याच्या मित्राने ऑनलाइन सर्टिफिकेट काढून त्याचं लग्न लावलं. आपल्याकडे आत्याला असं लायसन्स कुठे मिळेल?" (गोरेगाव)

लायसन्स कुठेच मिळणार नाही, कारण हिंदू लग्नासाठी असं लायसन्स आपल्याकडे नाहीच. तुझ्या भावाचंही खरं आहे, तिकडे बऱ्याच राज्यांत लग्न लावणारा माणूस कोण असावा हे सरकार ठरवतं, म्हणून मित्राला आधी कुठल्यातरी चर्चचा ऑनलाइन पाद्री व्हावं लागतं आणि मग तो सही करतो. आपला हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यातलं कलम ७ बाबांना वाचायला दे, दोनच वाक्यं आहेत. लग्न वराच्या किंवा वधूच्या, कुणा एकाच्या रूढीप्रमाणे विधी करून लागतं, आणि त्या विधींमध्ये सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. बस. त्यात भटजी हा शब्दच नाही. अंतरपाट नाही, मंगलाष्टकं नाहीत, मंगळसूत्र पण नाही. मंगलाष्टकं कितीही बेसूर झाली तरी लग्नाला काही होत नाही, हे माझ्या लग्नावरून सांगते.

आणि बाईने लग्न लावणं हे आता नवं राहिलंय का? पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने बायकांना पौरोहित्य शिकवायला घेतलं त्यालाही कितीतरी वर्षं झाली, मुंबईत दादर-पार्ल्याला तर स्त्री पुरोहित मिळायला तारीख धरावी लागते. भटजीशिवायचं म्हणशील तर महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी ब्राह्मण पुरोहित न बोलावता लग्न लावून दाखवलं. तेव्हाही लोक बाबांसारखंच म्हणाले असणार.

पण आत्याला एक गोष्ट नीट सांग. कोण लावतंय याच्याशी कायद्याला घेणंदेणं नाही, काय झालं याच्याशी आहे. १९६५ सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, केस आपल्या महाराष्ट्रातली, पहिली बायको असताना माणसाने दुसरं लग्न केलं आणि तो सुटला, का तर दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाल्याचं सिद्ध झालं नाही, आणि त्यांच्या जातीत त्यावाचून लग्न लागतं अशी रूढी पण सिद्ध झाली नाही, म्हणून कोर्टाच्या लेखी ते दुसरं लग्न लागलंच नव्हतं. बायकोच्या बाजूने वाचलं की संताप येतो, पण मुद्दा समजतो. आणि आता एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत तेच सांगितलं. जोडप्याने आधी कुठल्यातरी संस्थेचा कागद घेतला, नोंदणी केली, विधी पुढच्या तारखेला करू म्हणाले आणि त्याच्या आधीच बिनसलं. कोर्ट म्हणालं विधी झालेच नाहीत तर हिंदू लग्न झालंच नाही, नोंदणीचा कागद असला तरी. नोंदणी हा झालेल्या लग्नाचा पुरावा असतो, ती लग्न लावत नाही. लग्न लावणं आणि लग्न नोंदवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे एवढं डोक्यात बसलं ना की या पानावरचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

तर आत्याने मनातून तयार केलेला सुंदर कार्यक्रम, कविता वगैरे, जरूर करा, पण तुमच्या घराण्यात होम आणि सप्तपदी असेल तर ती गाळू नका. आणि त्या वेळी फोटोग्राफरला पकडून ठेवा! माझ्या एका अशिलाचा अल्बम होता, आठशेच्या वर फोटो, एंट्री, ड्रोन, मावशांचा डान्स, सगळं होतं आणि सप्तपदीचा एकही नाही, कारण त्या वेळी सगळे जेवायला बसले होते आणि फोटोग्राफर पण.

राहिलं कागदाचं. आपल्याकडे वॉर्ड ऑफिसात लग्न नोंदवायच्या फॉर्मवर लग्न लावणाऱ्याचं नाव, पत्ता, सही अशी जागा असते. तिथे आत्याचं नाव येईल, तिच्या ओळखपत्राची झेरॉक्स सोबत ठेवा. काउंटरवरचा माणूस "गुरुजी कुठायत" असं विचारेल, तेव्हा आत्यालाच पुढे करायचं. ती शिक्षिका होती म्हणालीस ना, मग ती बघून घेईल.

"मी मुलुंडची, हिंदू. तो माहीमचा, कॅथलिक. दोघंही २७. माझ्या घरून पूर्ण विरोध. कोर्ट मॅरेज करायचंय, पण ती एक महिन्याची नोटीस घरी येते का? एक एजंट म्हणाला एका दिवसात वैदिक पद्धतीने करून देतो, सर्टिफिकेटसकट. चालेल का?"

नाही चालणार, एजंटला एक रुपया देऊ नकोस. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न लागायला दोघंही हिंदू असावे लागतात, म्हणजे हिंदू, बौद्ध, जैन, शीख यातले. एक ख्रिस्ती असेल तर सात काय सत्तर फेरे घातले तरी त्या कायद्यात ते लग्न बसत नाही, सुप्रीम कोर्टाने हे स्वच्छ सांगितलंय. हे एजंट मग मुलाचा एक अर्ज, शुद्धीकरण, नवीन नाव असं काहीतरी मधेच चिकटवतात आणि तुमची सही घेतात, आणि तुम्हाला वाटतं आपण लग्नाच्या फॉर्मवर सही केली. धर्म बदलायचा असेल तर तो त्याचा निर्णय, घाईत कुणाच्या ऑफिसात बसून करायची गोष्ट नाही ती.

तुमच्यासाठी रस्ता म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४ चा. त्याला सगळे कोर्ट मॅरेज म्हणतात पण त्यात कोर्ट नाही, जज नाही. विवाह अधिकारी असतो, लोक त्यांना साहेब म्हणतात, आणि या कायद्यात लग्न त्यांच्यासमोरच लागतं. म्हणजे गोरेगावच्या ताईंना जी मुभा आहे ती इथे नाही, इथे आत्या चालत नाही. मुंबईत जिल्हे दोन, शहराचं ऑफिस फोर्टला आणि उपनगराचं बांद्रा पूर्वेला. तुमच्यापैकी एकजण ज्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेला असेल त्या जिल्ह्यात नोटीस, म्हणजे आम्ही लग्न करणार आहोत अशी लेखी सूचना, द्यायची. माहीम शहरात येतं, मुलुंड उपनगरात, म्हणजे तुम्हाला दोन्ही उघडी आहेत. नोटीस नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ऑनलाइन भरता येते.

आता ज्याची भीती वाटते ते. नोटीस ऑफिसच्या बोर्डावर लागते आणि ३० दिवस राहते. आई-बाबांना पत्र पाठवायला कायदा सांगत नाही. पण बोर्ड तो बोर्ड, कुणीही वाचू शकतं, आणि मुंबईत कुणाच्या ना कुणाच्या भावजयीचा भाऊ तिथे असतोच, त्यामुळे कळणारच नाही असं धरून चालू नका. नोटीसचं कायदेशीर बंधन काढावं की नाही यावर बरीच वर्षं वाद चाललाय, अलाहाबाद हायकोर्टाने २०२१ मध्ये ती जोडप्याच्या मर्जीवर सोडली, पण तू मुंबईत आहेस, इथे ३० दिवस धरूनच प्लॅन कर. माझं स्वतःचं मत विचारशील तर दोन सज्ञान माणसांचं लग्न बोर्डावर टांगायची काही गरज नाही. नातेवाइकांनी ठरवलेल्या लग्नाला कुणी बोर्ड लावतं का?

हरकत कुणीही घेऊ शकतं, पण कारणं मोजकी. आधीचा नवरा किंवा बायको हयात असणं, वय कमी असणं, मानसिक स्थिती संमती देण्यासारखी नसणं, आणि निषिद्ध नातं, म्हणजे ज्यात कायदा लग्न करू देत नाही असं जवळचं नातं. "आमच्या मुलीने ख्रिस्ती मुलाशी लग्न करू नये" ही हरकत नाही, ते बाबांचं मत आहे. हरकत आली तर साहेबांनी ३० दिवसांत चौकशी करून निकाल द्यायचा, आणि उगाच त्रास द्यायला घेतलेली हरकत असेल तर घेणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत खर्च भरायला लावता येतो. १९५४ साली हजार रुपये म्हणजे जरब होती, आज तेवढ्यात पार्किंग पण होत नाही, पण असो.

तारखा अशा मोज. १० नोव्हेंबरला नोटीस दिली तर १० डिसेंबरनंतर लग्न करता येतं आणि १० फेब्रुवारीच्या आत करावं लागतं, कारण नोटीस तीन महिनेच जिवंत असते. नंतर परत पहिल्यापासून. हे तीन महिने किती जोडपी घालवतात, विचारू नकोस, मुलाला रजा नाही, मुहूर्त नाही, आणि मग रडत फोन.

त्या दिवशी तीन साक्षीदार लागतात, आपापली ओळखपत्रं घेऊन. तुम्ही दोघं आणि ते तिघं आधी एका घोषणापत्रावर सह्या करता, मग तुम्ही एकमेकांना म्हणायचं की मी तुला माझा कायदेशीर पती, तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारते-स्वीकारतो. मराठीत म्हटलं तरी चालतं, दोघांना समजेल ती भाषा. हार-पेढे ऐच्छिक. साहेबांना जास्तीची फी भरून जवळपासच्या दुसऱ्या जागी पण बोलावता येतं, हॉलवर वगैरे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. तुझ्या बाबतीत मात्र ऑफिसातच करा.

त्याच्या आईला चर्चमध्ये लग्न हवं असेल तर तो दुसरा मार्ग आहे, १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा, त्यात एकजण ख्रिस्ती असला तरी चालतं. पण कॅथलिक चर्चला तुझा धर्म वेगळा म्हणून बिशपच्या ऑफिसातून खास परवानगी काढावी लागते, पॅरिशच्या फादरना आत्ताच भेटा. आणि घरून जबरदस्ती, डांबून ठेवणं असलं काही झालं तर सरळ पोलीस. दोघंही सज्ञान आहात, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अशा जोडप्यांना संरक्षण द्यायला पोलिसांना सांगितलेलं आहे. "मी माझ्या मर्जीने जातेय" असं एक पत्र सही करून पोलीस स्टेशनला देऊन पोच घेऊन ठेव, म्हणजे घरच्यांनी हरवल्याची तक्रार केली तरी गोंधळ होणार नाही.

एक शेवटचं, हे कुणी विचारत नाही. तुमचं लग्न या कायद्यात झालं की वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो, आणि तू एकत्र हिंदू कुटुंबात असशील तर त्यातून वेगळी झाली असं धरतात. वडिलोपार्जित घर-जमीन असेल तर लग्नाआधी एखाद्या वकिलाला कागद दाखव.

"आमचं लग्न २०११ ला लालबागला झालं, रीतसर, चारशे माणूस होतं. नोंदणी केलीच नाही. आता मिस्टरांना कंपनी जर्मनीला पाठवतेय, व्हिसाला मॅरेज सर्टिफिकेट पाहिजे. आमचं लग्न बेकायदा आहे का? आणि ज्या गुरुजींनी लावलं ते वारले."

बेकायदा अजिबात नाही, घाबरू नका. नोंदणी नसली म्हणून लग्न रद्द होत नाही, हे हिंदू विवाह कायद्यातच लिहिलंय. पण नोंदणी करणं बंधनकारक आहे, महाराष्ट्रात १९९८ चा कायदा आहे त्याप्रमाणे लग्नापासून ९० दिवसांत करायची असते, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या धर्मांच्या लग्नांना नोंदणी सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं. तुम्ही उशीर केलात म्हणजे फी जास्त पडेल, दोन खेपा जास्त होतील, एवढंच.

महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जायचं, तुमचा एफ साउथ. फॉर्म, दोघांचे वयाचे पुरावे (शाळा सोडल्याचा दाखला चालतो), पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो आणि तीन साक्षीदार. साक्षीदार लग्नाला हजर होते असे आणा, शेजारच्या नव्या पोराला नको. पत्रिका सापडत नसेल तर गावाकडच्या घरी बघा, आपल्याकडे पहिली पत्रिका देवाजवळ ठेवतात आणि मग ती कुणी टाकत नाही. गुरुजी हयात नाहीत तर अशा वेळी तुम्हा दोघांचं प्रतिज्ञापत्र मागतात, आधी काउंटरवर मजकूर विचारून घ्या आणि मगच स्टॅम्पपेपर घ्या, उलटं करू नका.

आणि हो, सर्टिफिकेटवरची नावं पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळली पाहिजेत. तुम्ही लग्नानंतर नाव बदललं नसेल तर आता त्यासाठी बदलू नका, नवऱ्याचं नाव लावलंच पाहिजे असा कायदा नाही.

"वरळी बीडीडी. मी बौद्ध, होणारी बायको मराठा. बौद्धाचार्यांच्या हस्ते, त्रिशरण पंचशील घेऊन लग्न करणार. तिच्या भावाने पेपरात वाचलं की सप्तपदी नाही तर लग्न नाही, सुप्रीम कोर्टाचा नवीन निकाल. आता?"

भावाने हेडिंग वाचलं, निकाल नाही. वर लिहिलंय तेच परत सांगते, दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की पुरे, आणि सप्तपदीचा नियम जिथे सप्तपदी असते तिथेच. बौद्ध लग्नात ती नसते. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण, पंचशील, एकमेकांना हार, प्रतिज्ञा, मंगलगाथा, हा तुमच्या समाजात आता पिढ्यान्पिढ्या चालत आलेला विधी आहे. व्हिडिओ नीट काढा आणि वॉर्ड ऑफिसच्या फॉर्मवर बौद्धाचार्यांची सही घ्या. हिंदू विवाह कायदा बौद्धांना पहिल्यापासून लागू आहे, कायदा मे १९५५ चा आणि नागपूरची दीक्षा ऑक्टोबर १९५६ ची. आणि ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं त्याचाच हा तुकडा आहे, हे त्या भावाला चहा पिताना जरूर सांग.

आंतरजातीय लग्नाला राज्य सरकारकडून ५०,००० रुपये मिळतात, समाजकल्याण विभागाकडे अर्ज करा, त्याला नोंदणीचं सर्टिफिकेट लागतंच. आणि कुठल्या जातपंचायतीने तिच्या घरच्यांना वाळीत टाकायची भाषा केली तर २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात आहे, तक्रार करा, गप्प बसू नका.

"कुर्ला. भाचीचा निकाह आहे, काझीसाहेब त्या दिवशी दोन ठिकाणी आहेत. घरातल्या मोठ्यांनी पढवला तर चालेल?"

चालतो. काझीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, इंग्रजांच्या काळातला १८८० चा काझी कायदा आहे त्यातच लिहिलंय की त्या कायद्यामुळे काझीची हजेरी आवश्यक ठरत नाही. एकाच बैठकीत इजाब आणि कबूल, म्हणजे लग्नाचा प्रस्ताव आणि त्याचा स्वीकार, साक्षीदार, मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, हे महत्त्वाचं. निकाहनामा मात्र व्यवस्थित भरा, मेहरची रक्कम कोरी ठेवून "नंतर लिहू" असं करू नका, तो कागद भाचीच्या कामाचा आहे. आणि वॉर्ड ऑफिसची नोंदणी तुम्हालाही आहेच.

"मामाची मुलगी, लहानपणापासून ठरलेलं. आता कुणीतरी म्हणतं कायद्यात बसत नाही. शिवाय एक स्थळ आलं ते सगोत्र म्हणून आईने परत पाठवलं, ते तरी बरोबर होतं का?" (भांडुप)

दोन प्रश्न, दोन उलटी उत्तरं. सगोत्र लग्नाला कायद्याची आडकाठी १९४६ पासून नाही, आईने परत पाठवलं ते परंपरेने, कायद्याने नाही. मामाच्या मुलीचं मात्र, म्हणजे बहीण-भावाची मुलं, ते हिंदू विवाह कायद्यात निषिद्ध नात्यात येतं. पण, आणि हा पण मोठा आहे, तुमच्या समाजात तशी रूढी असेल तर चालतं. महाराष्ट्रात कितीतरी समाजांत मामाची मुलगी म्हणजे हक्काची समजतात, त्यामुळे तिथे अडत नाही. रूढी जुनी आणि सतत चालत आलेली हवी, "आमच्या चुलत्याने केलं होतं" एवढ्याने भागत नाही. काका-मावशीच्या मुलांचं तुम्ही विचारलं नाहीत, विचारू पण नका.

"माझी पहिली सोडचिठ्ठी स्टॅम्पपेपरवर झाली, नोटरी केलेली, दोन्हीकडच्या माणसांच्या सह्या आहेत. आता दुसरं लग्न ठरलंय, मुलीकडचे म्हणतात कागद दाखवा. तो कागद पुरे ना?" (घाटकोपर)

नाही हो. नोटरीने शिक्का मारला म्हणजे त्याने सह्या खऱ्या आहेत एवढं सांगितलं, घटस्फोट द्यायचा अधिकार त्याला नाही. काही समाजांत काडीमोडीची रूढी कायद्याने मानलेली आहे, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते आणि तो भार तुमच्यावर. नाहीतर कायद्याच्या नजरेत तुमची पहिली बायको अजून बायको आहे. मग दुसरं लग्न रद्दबातल, वर गुन्हा, भारतीय न्याय संहितेत कलम ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि पहिलं लग्न लपवलं असेल तर दहापर्यंत.

पहिली बाई तयार असेल तर दोघांनी मिळून फॅमिली कोर्टात संमतीने अर्ज करा, ते काही डोंगर उचलणं नाही. संमतीच्या डिक्रीवर, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकमावर, अपील नसतं. भांडून मिळालेला घटस्फोट असेल तर डिक्रीनंतर ९० दिवस अपीलसाठी असतात, ते जाऊ द्यायचे, मगच पुढची तारीख धरायची. मुलीकडच्यांनी कागद मागितला म्हणून राग मानू नका, शहाणी माणसं आहेत ती.

"मुलगा २० वर्ष ४ महिने, मुलगी १९. दोन्हीकडचे राजी आहेत, मे मध्ये हॉल मिळतोय. आणि मुलीचं वय पण २१ झालं ना आता?" (मानखुर्द)

मुलीचं वय १८ च आहे. ते २१ करायचं बिल डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आलं, समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये ती लोकसभाच विसर्जित झाली तेव्हा बिल पण गेलं. मुलाचं मात्र २१ आणि त्यात चार-सहा महिन्यांची सूट वगैरे काही नसते. २००६ चा बालविवाह कायदा लग्न लावणाऱ्यालाही धरतो, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, म्हणून आजकाल गुरुजी पण जन्मतारखेचा दाखला मागतात. आठ महिने थांबा, दिवाळी झाली की हॉल परत मिळतील.

"आम्ही मार्चमध्ये बांद्र्याला रजिस्टर्ड लग्न केलं, मे मध्ये घरच्यांसाठी विधी करून हॉलमध्ये. आता लग्नाची तारीख कुठली? आणि वॉर्ड ऑफिसला परत नोंदवायचं का?" (बोरिवली)

विशेष विवाह कायद्यात साहेबांसमोर लागलं ना, मग मार्च. ते सर्टिफिकेटच पुरावा, परत वॉर्ड ऑफिसला जायची गरज नाही, आणि गेलात तर दोन सर्टिफिकेटं दोन तारखांची होतील, मग पासपोर्टवाला विचारेल यातलं खरं कुठलं. पासपोर्ट, इन्शुरन्स, होम लोन, सगळीकडे मार्चच लिहा. सासूबाई मे म्हणत असतील तर केक मे मध्ये कापा, आणि मार्चमध्ये दोघंच कुठेतरी जेवायला जा.